माळावरच्या चौदा हरणांचं काय झालं

सैन्यातून निवृत्त झालो तेव्हा मी हवालदार होतो. पण साताऱ्याहून निघालेली एस.टी. आमच्या फाट्यावर पोचेपर्यंत शेजारच्या माणसानं मला इतके प्रश्न विचारले, की उतरताना मी सुभेदार झालो होतो. गावानंही ते चालवून घेतलं. आमच्या गावात कुणाचं खोटं लगेच उघडं पाडायची पद्धत नाही. आधी ते चार ठिकाणी सांगून बघतात, आणि आवडलं तर ठेवून घेतात.

गाव आमचं माण तालुक्याच्या अगदी शेवटाला. आमच्या मारुतीची घंटा सातारा जिल्ह्यात वाजते आणि ऐकू येते सांगली जिल्ह्यात. पाऊस इथं येतो तो वाट चुकून; चूक लक्षात आली की पत्ता विचारून माघारी जातो. कृष्णाकाठचे ऊसवाले पाहुणे आमच्याकडं यायचं म्हटलं की निघण्याआधी दोन तांबे पाणी पिऊन घेतात, एक तिथल्यासाठी आणि एक परतीसाठी. सैन्यात मला राजस्थानात पाठवलं तेव्हा बरोबरची पोरं वाळू बघून रडली. मी म्हणालो, बरीच हिरवळ आहे.

तर अशा या गावाला मिरवायला एकच गोष्ट होती. गावाच्या उगवतीला पसरलेला माळ आणि त्या माळावरची काळविटं. आम्ही त्यांना हरणंच म्हणायचो. कळपात एक नर होता, पाठीनं काळा कुळकुळीत आणि पोटाला पांढराशुभ्र. त्याच्या शिंगांना इतके पीळ होते, की आमच्या शाळेतल्या गुरुजींनी ते मोजायला घेतले आणि मोजून व्हायच्या आत त्यांची बदली झाली. उडी अशी, की गुरुवारी वर गेलेला नर शुक्रवारी सकाळी खाली यायचा. मधल्या वेळात आम्ही जेवून घ्यायचो. आल्यागेल्या पाहुण्याला मी टेकाडावर नेऊन हात लांब करायचो. पाहुणा विचारायचा, "किती असतील?" मी म्हणायचो, "चाळीस तर समोर हायेत. मागची दिसत न्हाईत."

नीट मोजली तर चौदा होती. तो एक नर, आठ माद्या आणि पाच लहान.

वनखात्याची गणती असायची, तेव्हा दोन जिल्ह्यांची शीव माळाच्या मधून जात असल्यानं सकाळी साताऱ्याकडची माणसं यायची आणि दुपारी सांगलीकडची. एका गणतीला सकाळच्यांना मी अडतीस सांगितली. दुपारच्यांना चाळीस; म्हटलं, सकाळपासून दोन तरी व्याली असतील. ऊन मरणाचं, हरणं लांब, आणि सांगणारा सुभेदार. त्यांनी बिचाऱ्यांनी लिहून घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, मी गावाची इज्जत वाढवली.

मग आमच्या भागाला एक वनरक्षक बाई आल्या. मेढ्याकडच्या, तिशीच्या आतल्या. जावळीच्या रानात वाढलेली पोर. झाडाशिवायचं जंगल तिनं पाहिलेलंच नव्हतं. पहिल्या दिवशी माळावर उभी राहून म्हणाली, "काका, जंगल कुठाय?"

"ज्याच्यावर तुमी उभ्या हाय ते."

ती हसली नाही. तीन दिवस सकाळी दुर्बीण घेऊन आली, टेकाडावर बसली, वहीत रेघा मारल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर चहा पिताना म्हणाली, "काका, दोन्ही जिल्ह्यांच्या कागदांवर मिळून अठ्ठ्याहत्तर आहेत. मी मोजली चौदा. बाकीची चौसष्ट कुठं बांधून ठेवलीत?"

"पाण्याला गेली असतील," मी म्हणालो.

"या तालुक्यात?"

मी चहात बोट घालून माशी काढायला लागलो. माशी नव्हती.

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर आहेत म्हटल्यावर कुणी इकडं बघणार नाही, काका. चांगली आहेत, वाढतायत, असं लिहून फाईल बंद. चौदाची काळजी कागदाला कधी लागलीच नाही."

माळावर मेंढरं चारणारे एक म्हातारे धनगर होते, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. ते तिथंच ओट्याच्या कडेला घोंगडं टाकून बसले होते. मला ते सुभेदार म्हणायचे, पण 'सु'वर असा दाब देऊन, की कुणीतरी माझा बिल्ला हातात घेऊन चावून बघतंय असं वाटायचं.

मी म्हणालो, "चौदा काय कमी हायेत व्हय? आमच्या घरात तर पाचच माणसं हायेत, चाललंय की."

मामा म्हणाले, "सुभेदार, माज्या कळपात तीनशे मेंढरं. ईज पडून धा मेली, लांडग्यानं पाच न्हेली, रोगात ईस गेली, तर मी घरी जाऊन म्हातारीला सांगतो आन भाकर खातो. कळप ऱ्हातोच. तुज्या चौदातली धा गेल्यावर तू काय सांगशील? मोठ्या कळपाला चुकायला जागा आसती रं. बारक्याला न्हाई."

मला ते पटलं नाही. मला वाटलं म्हातारा मेंढरांची फुशारकी मारतोय. आणि फुशारकीचं खातं गावात माझ्याकडं होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात एका दुपारी गारा पडल्या. ती गारपीट मी नंतर दहा ठिकाणी सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी गारा नारळाएवढ्या केल्या. खरं सांगायचं तर लिंबाएवढ्या होत्या. लिंबाएवढ्या पुरल्या. माळावर आडोसा नाही, झुडूप नाही. आभाळ निवळल्यावर मामा आणि मी गेलो तर एक मादी आणि तीन पाडसं पांढऱ्या गारांत पडली होती, अंगावर कुठं रक्त नाही. अर्धा तास चाललं असेल सगळं. चौदाची दहा झाली. त्याच दुपारी मामांची सात मेंढरं मेली आणि संध्याकाळी ते भाकर खायला बसले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग पाणी आलं. कित्येक वर्षं ज्याची आम्ही वाट बघत होतो ते लांबच्या नदीचं उपसलेलं पाणी. कालवा माळाच्या मधून गेला. त्या दिवशी मी पाण्यात उतरून नाचलो, हे वाढवून सांगत नाही. माझी बायको अजून तो व्हिडिओ दाखवते. कालव्यापलीकडं, सांगलीच्या बाजूला, द्राक्षं आली, तारा आल्या, कोंबड्यांच्या शेडा आल्या आणि शेडांमागं टाकलेल्या मेल्या कोंबड्यांवर पोसलेली कुत्री आली. कालव्याचे काठ काँक्रीटचे, उतरते, गुळगुळीत. माणूस पडला तर दोर टाकता येतो. हरीण पाणी प्यायला वाकलं की खूर सरकतो, आणि एकदा आत गेलं की त्या काठावर खूर ठरत नाही. पहिल्या वर्षी दोन माद्या आणि एक लहान तिथं गेली. आम्हाला कळलं ते खाली दोन कोसांवर, जाळीला अडकल्यावर.

राहिली सात. तो जुना नर, पाच माद्या आणि एक वाढता नर.

"आता नवीन पाडसं होतील," मी वनरक्षक बाईला म्हणालो. मला धीर द्यायची सवय आहे, फुकट असतो.

झाली. तीन झाली. तिन्ही नर. त्यातल्या दोघांचे जबडे वाकडे होते. आचळ तोंडात धरता येईना. मादी उभी राहायची, मान वळवून बघायची, पाडस ढुशा मारायचं, आणि दूध मातीवर सांडायचं. आम्ही टेकाडावरून दुर्बिणीतून बघत होतो. जवळ जावं तर मादी पळणार आणि परत येणार नाही. आठ-दहा दिवसांत दोन्ही गेली. तिसरं जगलं, पण मागच्या एका पायानं लंगडत.

मामांनी दुर्बीण डोळ्याला न लावताच निदान केलं. "बोकड बदलाय पायजे हुता."

इथं बाहेरच्या माणसासाठी सांगतो. आमच्या भागातला कुठलाही शेळ्या-मेंढ्यावाला, शाळेचं तोंड न बघितलेला असला तरी, दोन वर्षांवर एक बोकड कळपात ठेवत नाही. बाजारात किंवा वाटेवर दुसरा कळप भेटला की नर अदलाबदल करतात. नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो आणि पुढची पिल्लं किडकी निघतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. माळावरच्या हरणांनाही हे कुणी शिकवलेलं नसावं, पण ती पूर्वी करायची तसंच. वाढते नर कळपातून निघून जायचे, लांबच्या माळावरचे परके नर इकडं यायचे. आता मध्ये कालवा, तारा, डांबरी रस्ता. तिकडचा कुणी येईना, इकडचा कुणी जाईना.

मामा म्हणाले, "त्या काळ्याचंच बघ की. ह्यांचा बाप त्योच, आजा त्योच, सासरा त्योच. गड्या, त्यो आता सोताचाच जावई हाय."

वनरक्षक बाईंना हसू आलं आणि मग त्यांनी तोंड पुसलं. "मामा, आमच्या शिकवणीत हे चाळीस पानांत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग चाळीस पानांत बोकड कुठनं आनायचा ते सांगितलंय का?"

ते नव्हतं. तिनं अर्ज लिहिला. बाहेरून एक नर आणून सोडायची परवानगी. अर्ज वर गेला. मीही तालुक्याला चार खेपा घातल्या, एकदा मेडलं लावून गेलो. त्यातलं एक माझं नव्हतं. उत्तर येईपर्यंत जुना नर एका सकाळी बाभळीखाली मेलेला सापडला, कुठं जखम नाही, म्हातारा झाला होता एवढंच. एका मादीला कुत्र्यांनी गाठलं. आता चार माद्या आणि दोन नर, एक तिचा भाऊ, एक हिचा मुलगा; कसंही नातं लावा, घरातलंच.

आणि मग नर मिळाला. परवानगीनं नाही, अपघातानं. सांगलीच्या बाजूला, बऱ्याच लांब, एका जैन बागायतदाराच्या शेततळ्यात एक काळवीट पडलं. शेततळं म्हणजे मोठा खड्डा आणि त्यात प्लास्टिकचा कागद. कालव्याचाच धाकटा भाऊ. त्या घरच्यांनी अख्ख्या वस्तीला बोलावून, द्राक्षावर टाकायच्या जाळ्यांची झोळी करून त्याला बाहेर काढलं. घरातली म्हातारी त्याच्याजवळ बसून राहिली म्हणे, त्याला पाणी पाजेपर्यंत स्वतः पाणी प्यायली नाही. ज्या माळावरचं ते होतं तिथं खोदकाम चालू होतं, म्हणून परत तिथं सोडता येईना. मग फोनाफोनी झाली, तो जुना अर्ज कुठूनतरी वर आला, आणि हुकूम निघाला: आमच्या माळावर सोडा.

आता सगळं आमच्या हातात होतं. चार माद्या, एक परका, तरणा, काळाभोर नर. मी आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो, आणि मी काय केलं ते आता सांगतो. यात मीठ-मसाला नाही.

पिकअप गाडी माळाच्या कडेला आली. मागं लाकडी पिंजरा, त्यात नर, डोळ्यांवर फडकं बांधलेलं, पाय मोकळे. डोळे झाकले की तो शांत उभा राहतो, असं बरोबर आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले. मग डॉक्टर आणि वनरक्षक बाई सोडायची जागा बघायला टेकाडावर गेले. जाताना ती म्हणाली, "काका, कुणाला जवळ येऊ देऊ नका." मी कडक सॅल्यूट ठोकला.

मामा पिंजऱ्याजवळ आले. कमरेच्या पिशवीतून त्यांनी पितळेची घाटी काढली, मेंढरांच्या गळ्यातली घंटा, लोकरीच्या दोरात ओवलेली. "सुभेदार, नवा पालवा मेंढा कळपात सोडला की मेंढरं त्याला धरत न्हाईत. परका वास. मग त्याच्या गळ्यात घाटी बांधत्यात. आठ दिसात कळप आवाजाच्या मागं चालाय लागतो. माजा बा करायचा, मी करतो, कवा चुकलं न्हाई."

माझ्या डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं. माळावर टिणटिण चाललीय, मागं चार माद्या, त्यांच्या मागं पाडसं, आणि टेकाडावर मी पाहुण्यांना हात लांब करून दाखवतोय. शिवाय कुठं आहे ते आवाजावरून कळेल, कुत्री मागं लागली तर धावून जाता येईल, असं मी स्वतःला समजावलं. फळीच्या फटीतून हात घालून मी ती बांधली. सैन्यात मला एकच गोष्ट खरोखर उत्तम यायची, ती म्हणजे गाठ. मानेवर दोन बोटं सैल ठेवून अशी गाठ मारली, की अंगावर तोफ पडली तरी सुटू नये. नर थरथरत होता. त्याच्या मानेचा उबदार केसाळपणा अजून माझ्या बोटांना आठवतो.

बाई आल्या, डॉक्टर आले. फळी वर ओढली, फडकं काढलं. आधी आवाज बाहेर आला, मग नर.

त्यानं एक उडी मारली, घाटी वाजली. आवाजाला भिऊन दुसरी मारली, आणखी वाजली. आपल्याच गळ्यापासून तो पळत सुटला. लांब उभ्या असलेल्या माद्यांनी कान टवकारले आणि क्षणात त्या टेकाडापलीकडं गेल्या.

वनरक्षक बाईंनी दुर्बीण खाली घेतली. मग हळूच म्हणाल्या, "काका, ते काय वाजलं?"

मामांनीच सांगितलं.

मेंढरू आवाजाच्या मागं जातं, कारण आवाजाच्या पुढं माणूस असतो आणि माणसाच्या हातात चारा. हरणाला आवाज म्हणजे पळ. हे पन्नास वर्षं त्याच माळावर दोन्ही जनावरं बघणाऱ्या माणसाला आणि राजस्थान-काश्मीर पालथं घालणाऱ्या मला त्या दोन मिनिटांत सुचलं नाही. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "ती तुमच्या गळ्यात बांधायची होती. निदान येताना कळलं असतं."

पहिले चार दिवस गावाला मजा वाटली. बायका म्हणायच्या, नवरदेव फिरतोय. नंतर मजा सरली. तो माद्यांकडं जायचा, त्या निघून जायच्या. तो परत मागं, त्या आणखी पुढं. चरायला वेळच मिळेना. पूर्वी चौदा जण चरत असताना एकाची तरी मान वर असायची आणि बाकीचे निवांत खायचे. आता चौघीच, आणि चौघींच्याही माना सारख्या वर. बघायचं की खायचं? त्यांच्या फासळ्या दुर्बिणीशिवाय दिसायला लागल्या. आणि ज्यांना घाटीचा अर्थ बरोबर कळला ती कुत्री. आवाजावर चालत यायची. त्यांनी लंगड्या नराला पहिल्या महिन्यातच उचललं. दुसऱ्या वाढत्या नराला नव्यानं हुसकलं. कालव्याचं पाणी बंद असताना तो पलीकडं गेला आणि पुन्हा दिसला नाही. पळता पळता एक मादी इकडच्या एका नव्या द्राक्षबागेच्या तारेत घुसली. ती सोडवेपर्यंत संपली होती. दुसरी नुसतीच नाहीशी झाली.

"त्याला परत बेशुद्ध करून घाटी काढा की," मी बाईंना म्हणालो. रोज म्हणायचो.

"विचारलं मी डॉक्टरांना. एकदा पकडण्यातच त्याची निम्मी ताकद गेलीय. या उन्हात औषधाची सुई मारली तर पळता पळता छाती फुटेल म्हणतात. दहा असते तर धोका पत्करला असता, काका. एकच आहे."

"मग दुसरीकडनं चार माद्या आना."

"कुठं आणू? कुत्री आहेत, कालवा आहे. वरचे म्हणतात, उरलेली तिन्ही पकडून अभयारण्यात न्या. डॉक्टर म्हणतात, पकडायला गेलात तर तिन्ही तिथंच मरतील. काही केलं तर केल्यानं जातील, नाही केलं तर न केल्यानं. तुम्हीच सांगा मी काय लिहू."

मला नुसतं वाढवून सांगता येतं, आणि इथं वाढवायला काही उरलं नव्हतं.

रोज सकाळी मी माळावर जाऊन बसायचो. पाण्याच्या कुंडाजवळ आडोशाला लपून, हातात कात्री लावलेली बारा फुटी काठी घेऊन. चाळीस पावलांच्या आत तो कधी आला नाही. मामा येऊन शेजारी बसायचे. एकमेकांना दोष द्यायचं आम्ही पहिल्या आठवड्यातच संपवलं होतं. एकदा ते म्हणाले, "गाठ जरा वंगाळ मारली आसतीस तर काय बिघडलं आसतं रं?"

"एकच गोष्ट येत हुती, मामा."

"व्हय," ते म्हणाले.

पावसाळ्यात लोकर भिजली, कुजली, आणि भाद्रपदात एके दिवशी आवाज थांबला. गावातले आधी माझ्याकडं धावत आले, मेला म्हणून. आम्ही गेलो. तो कुंडाच्या पलीकडं उभा होता, गळा मोकळा. घाटी आम्ही शोधली नाही. तीन-चार आठवड्यांत दोन्ही माद्या त्याच्यापासून शंभर पावलांवर चरायला लागल्या, मग पन्नास, मग शेजारी. त्यातली एक म्हातारी, सुकलेली. दुसरी तिची बहुतेक नात, ती फळली. फाल्गुनात पाडस झालं. मादी. बाईंनी वहीतून डोकं वर न काढता डोळे पुसले, आणि मामांनी माझ्या पाठीवर असा गुद्दा घातला की मला काश्मीर आठवलं.

जबडा सरळ होता, चारी पाय नीट होते, बाप परका होता. अकराव्या दिवशी सकाळी ते गवतातून उठलंच नाही. कुत्र्याचा दात नाही, सापाचा डंख नाही. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळीकडंच होतं. तेच तर. सगळीकडं होतं तेव्हा दुसरी नऊ पाडसं उड्या मारत असतात.

उन्हाळ्यात म्हातारी मादी गेली. दोन राहिली. एक तो, एक ती.

आणि आता गेले तीन आठवडे तो कालव्यापलीकडं आहे. कालव्याचं पाणी बंद होतं तेव्हा कोरड्या तळातून, पुलाखालच्या गाळाच्या उतारावरून तिकडं गेला असावा, आणि मागून पाणी सोडलं. ती इकडं. मध्ये तुडुंब भरलेला कालवा, वीस-बावीस हातांचा. शिंगांचे पीळ दिसतात इकडून. दोघंही सकाळी काठाजवळ येतात, वाकत नाहीत, कारण तिथं काय होतं ते तिनं बघितलंय, आणि तो स्वतः शेततळ्यात पडून आलाय. थोडं चरतात, मान वर करून पलीकडं बघतात. पाणी बंद करायला सांगायला बाई गेल्या होत्या. खालच्या द्राक्षांना दीड महिना पाणी लागणार आहे, असं उत्तर आलं. त्यातला अर्धा एकर माझाही आहे.

पूल आहे एक, मैलभर खाली. काँक्रीटचा, ऊन पडलं की चकाकणारा. खुराला त्याची भीती वाटते. परवा मामांनी आणि मी बैलगाडीभर मुरूम नेऊन त्यावर पसरला, वर मेंढरांच्या लेंड्या टाकल्या, माळाचा वास यावा म्हणून. बाईंनी दोन्ही बाजूंना दगड लावून सकाळचे दोन तास गाड्या अडवल्या. ड्रायव्हर शिव्या देत होते, बाई म्हणाल्या, "द्या, पण हळू आवाजात द्या."

आज ती पुलापर्यंत आली. मुरुमावर पुढचे दोन पाय ठेवले. वास घेतला. आम्ही तिघं नाल्यात पालथे पडून होतो, मामांच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती आणि मी मनात म्हणत होतो, मामा, श्वास घेऊ नका. पलीकडं तो कुठंतरी लांब होता, दिसत नव्हता. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग पाय काढून घेतले आणि माळाकडं चालत गेली, पळत नाही, चालत.

"उद्या गाड्या अडवता येतील का?" मी विचारलं.

"बघते," बाई म्हणाल्या.

मामा गुडघ्यावरची माती झाडत उठले आणि पुलावर जाऊन, गाड्यांच्या चाकांनी बाजूला सरकलेला मुरूम हातानं परत मध्ये ओढायला लागले. मीही गेलो.